धुतलेली हवा

गाद्या उन्हात टाकायला म्हणून हेमांगी गच्चीवर आली आणि समोरच्या दोरीवर तिला आपले फिल्टर वाळत घातलेले दिसले. एखाददुसरा नव्हे, अख्खी ओळ. चादरी आणि पडद्यांच्या मधोमध, दोन्ही टोकांना चिमटे लावून, कुणीतरी अगदी निगुतीने ते टांगले होते. पाणी निथळून खाली फरशीवर ओले डाग पडले होते. पहिल्यांदा तिला वाटलं, हे आपले नव्हेतच. मग जवळ जाऊन तिने प्लास्टिकच्या चौकटीवरून बोट फिरवलं. ‘खिडकी’, तिने बनवलेल्या हवा गाळायच्या डब्याचं नाव. ही उठावाची अक्षरं तिनेच कागदावर काढून साच्यासाठी दिलेली होती. फिल्टर पांढरेशुभ्र होते. डोंबिवलीत चार महिने चाललेला फिल्टर पांढरा असतो का कधी? तो आधी राखाडी व्हायचा, मग काळपट. काळं होणं हीच त्याची नोकरी. हातातली गादी तिने नीट, उसवलेली बाजू खाली करून कठड्यावर पसरली.

“ताई, बघितलंत ना?” मागून जागृती बादली घेऊन आली. दुसऱ्या मजल्यावरची जागृती, आईची पट्टशिष्या. लोणच्यापासून बाळाच्या पोटदुखीपर्यंत सगळं ती आईला विचारून करायची. “यंदा सगळ्यांनी एकदमच धुतलेत. दिवाळीची साफसफाई चाललीय, म्हटलं हेपण उरकून टाकू. नीलाकाकूंनी शिकवल्यासारखं हां. कोमट पाणी, चमचाभर पावडर, घासायचं नाही, नुसता ब्रश फिरवायचा. आमचा तर बघा, दोन वर्षं होतील आता, अजून नव्यासारखा आहे.”

“आईने शिकवलं?”

“मग! त्या संक्रांतीला. हळदीकुंकवाला आलेलो ना सगळ्या, तेव्हा बाथरूममध्ये नेऊन करून दाखवलेलं. तुम्ही नव्हतात. वाणाला ब्रश दिलेले बघा, मऊ दातांचे.”

ब्रश हेमांगीनेच आणले होते. जांभळी नाक्याच्या बाजारातून घाऊक भावात, आईच्या सांगण्यावरून. मऊ दातांचे आण, कडक नकोत, असं आईने फोनवर दोनदा बजावलं होतं. तेव्हा हेमांगीला कुठल्याशा सरकारी इमारतीत डबे बसवायची घाई होती. आईला ब्रश कशाला हवेत हे तिने विचारलं नाही. बायकांना काहीबाही वाणं द्यायची असतातच, चहाची गाळणी, पिना, साबणदाण्या, तसे हे ब्रश, इतकाच विचार तिने केला असेल नसेल. जागृतीला ती काही बोलली नाही. “उन्हात जास्त ठेवू नका,” एवढंच म्हणाली, आणि त्या वाक्याला काही अर्थ नाही हे तिला म्हणतानाच कळलं.

त्या फिल्टरच्या धाग्यांवर विजेचा भार असतो. केसांवरून घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो तसं ते धागे बारीक धूळ ओढून घेतात, डोळ्यांना न दिसणारी, छातीत खोल जाऊन बसणारी. साबणाचं पाणी लागलं की तो भार जातो. मागे उरतं ते कापड. ते केस अडवतं, लोकर अडवतं, पंख्यावरची जळमटं अडवतं. ज्या धुळीसाठी सगळा खटाटोप, ती मात्र खुशाल आरपार जाते. हे हेमांगीला इतकं पाठ होतं की कुणाला सांगायची गरज तिला कधी वाटली नाही. माहितीच्या कागदावर त्यांनी सगळं लिहिलं होतं: पंख्याचं तोंड कुठे करा, दारं कधी लावा, दर चार महिन्यांनी फिल्टर बदला. धुवू नका, एवढं तेवढं लिहिलं नव्हतं. दोघंही इंजिनियर, ती आणि तिचा धंद्यातला भागीदार रवींद्र, आणि दोघंही अशा घरांत वाढलेले की जिथे दुधाच्या रिकाम्या पिशव्या उलट्या करून, धुऊन, ओट्याच्या टाइलला चिकटवून वाळवतात. बिस्किटांचे डबे, औषधांच्या बाटल्या, श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे, काही म्हणून टाकलं जात नाही. जे मळतं ते धुवायचं आणि जे धुता येतं ते टाकायचं नाही, हे त्यांना अक्षरओळख होण्याआधी कळलेलं. आणि त्याच लोकांनी त्याच लोकांसाठी चार महिन्यांनी फेकून द्यायची वस्तू बनवली आणि खाली सही केली. शिवाय चौकट पुठ्ठ्याची होती ती पावसाळ्यात फुगते म्हणून त्यांनी मोठ्या अकलेने प्लास्टिकची केली. पुठ्ठा असता तर पहिल्याच धुण्यात लगदा झाला असता आणि सगळ्यांना सगळं कळलं असतं.

ती जिना उतरून खाली आली. आई स्वयंपाकघरात फळीवरचे डबे खाली काढून बसली होती. यंदा घरात दिवाळी नव्हती. भाऊ, हेमांगीचे वडील, माघात गेले, म्हणजे वर्ष दुखवट्याचं. फराळ करायचा नाही, कंदील लावायचा नाही, शेजारणी ताटं आणून देतील तेवढंच. पण सण नाही म्हणून साफसफाई करायची नाही असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय, असं म्हणून आईने परवापासून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि म्हणूनच हेमांगी सुट्टी टाकून ठाण्याहून कोपरला आली होती. ती भाऊंच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पलंग तसाच होता, फक्त गादी वर गच्चीत गेलेली. उशाशी डबा. पहिल्या खेपेतला, प्लायवूडचा, एका बाजूला पंखा आणि बाकीच्या बाजूंना फिल्टर. त्याचे कोपरे रवींद्रने स्वतः तासलेले. भाऊ गेल्यावरही आई तो रोज संध्याकाळी लावत असे. का, ते हेमांगीने विचारलं नव्हतं. सवय, असं तिने आपलं ठरवून टाकलं होतं.

हवेतली धूळ मोजायचं यंत्र तिच्या पिशवीत कायम असे. तिने ते पलंगाच्या फळीवर ठेवलं, खिडकी लावली, डबा सुरू केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पंख्याचा आवाज तोच, ओळखीचा, हवाही अंगावर येत होती, गार आणि छान. आकडा मात्र जागचा हलेना. थोडा खाली यायचा, पुन्हा होता तिथे जायचा. तिने खूप वेळ थांबून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. मग स्टूल घेऊन माळ्यावर चढली. नवे फिल्टर तिने वेळोवेळी आणून दिले होते ते तिथे होते, एकावर एक, जुन्या साडीत गुंडाळून, सगळेच्या सगळे. पिशव्यासुद्धा फोडलेल्या नव्हत्या. तिने त्यांतले काढून डब्याला लावले आणि पुन्हा यंत्राकडे बघत बसली. आकडा उतरायला लागला. सावकाश, पण उतरत गेला, बाहेरचा निम्मा झाला, त्याच्याही खाली गेला. एरवी हा आकडा उतरताना बघणं हे तिचं सगळ्यांत आवडतं काम होतं. शाळांमध्ये ती मुलांना यंत्राभोवती उभं करून तो मोठ्याने वाचायला लावायची.

“काय चाललंय गं आत?” आईचा आवाज.

“मोजतेय.”

“मोज,” आई म्हणाली. मोजण्याची आईला सवय झाली होती.

भाऊंनी उभ्या आयुष्यात विडी ओढली नाही, तंबाखू खाल्ली नाही. ठाण्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करून निवृत्त झाले आणि निवृत्त झाले तशी छाती वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत जात जा. आई घरी येऊन किती हसली होती. मोकळी हवा, म्हणे! खिडकी उघडली तर एकीकडून टॉवरच्या बांधकामाची धूळ, दुसरीकडून कुणीतरी पेटवलेला कचरा, आणि वारा फिरला की तो आंबूस वास, ज्याचं नाव कुणालाच माहीत नसतं. हेमांगी तेव्हा वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत हवेचे फिल्टरच करत होती. देखणे पांढरे मनोरे, वर निळा दिवा, आणि किंमत अशी की भाऊंनी ती ऐकून फक्त “अरे वा” म्हटलं आणि पेपर उघडला. त्या ‘अरे वा’चा तिला फार राग आला होता. भाऊंचा नव्हे. आपण दिवसभर ज्याला काम म्हणतो त्याचा. कंपनीत एक पोरगेलासा साहेब मीटिंगमध्ये म्हणाला होता की आपलं गिऱ्हाईक कोण, तर जो घाबरलाय तो. तेव्हा आधी घाबरवा. सगळे हसले. चाचणीच्या खोलीतला रवींद्र तेवढा हसला नाही, हे तिने पाहिलं. त्याच कंपनीत एकदा फिल्टरांची एक खेप बिघडली, ते सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीही कुणाला कळवलं नाही; वॉरंटी संपायची वाट पाहिली गेली. खेप बिघडल्याचा अहवाल रवींद्रनेच लिहिलेला.

पुढे दोघांनी नोकरी सोडली त्याला लोकांनी धाडस वगैरे म्हटलं. ते तसं नव्हतं. कल्याणजवळ मोहन्याला रवींद्रच्या घरामागे एक पत्र्याची शेड होती, त्याच्या वडिलांनी कधीतरी गाय पाळायची म्हणून बांधलेली आणि गाय कधी आलीच नाही, तिथे दोघं सुट्टीच्या दिवशी प्लायवूड कापत बसायचे. रवींद्रची आई बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर रोज उदबत्ती लावायची आणि उदबत्तीने आकडा चढतो हे यंत्रावर पाहिल्यापासून तिने ती अंगणात लावायला सुरुवात केली. आपल्या वस्तूने कुणाचंतरी वागणं बदलू शकतं याचा हा त्यांना मिळालेला पहिला पुरावा. त्या शेडमध्ये त्यांनी ठरवलं, घाबरवून विकायचं नाही. आणि रिक्षावाल्याच्या घरात परवडणार नाही ते करायचंच नाही. आणि हेमांगीने स्वतःहून जोडलं: आपल्याला वस्तूबद्दल जे कळेल, चांगलं वाईट, ते ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी गिऱ्हाइकाला सांगायचं. हे वाक्य तिने नंतर दोन-तीन ठिकाणी भाषणातही वापरलं. टाळ्या मिळाल्या. एका ठिकाणी शाल मिळाली. त्याच दिवशी, हे म्हणताना ती जरा थांबायची, म्हणजे लोकांच्या लक्षात यावं.

आणि डबे खपले ते त्यांच्या भाषणांनी नव्हे. खपले ते आईमुळे. सुरुवातीला लोक विचारायचे, चार महिन्यांनी नवा फिल्टर? म्हणजे कायमचं पाठीमागे लागलं की हो! आणि डबा तसाच परत जायचा. मग त्या संक्रांतीनंतर कोपरमधल्या बिल्डिंगी अचानक डबे मागायला लागल्या. कोपरच्या बायकांच्या बहिणी कल्याणला, नणंदा कळव्याला. हेमांगी आणि रवींद्र रात्रंदिवस शेडमध्ये. फिल्टरांना मात्र मागणी नव्हती, आणि यावर त्यांनी शेडमध्ये बसून चर्चा केली होती, चांगली तासभर. रवींद्र म्हणाला होता, लोक आळस करतात, आठवण करून द्यायला पाहिजे. ती म्हणाली होती, हळूहळू सवय लागेल.

दर रविवारी ती या खोलीत यायची. भाऊ उशांना टेकून बसलेले असायचे, बोलायला लागले की मध्ये श्वासासाठी थांबायचे, आणि थांबल्याचं कुणाला कळू नये म्हणून त्या वेळात चष्मा पुसायचे. ती आधी डब्याकडे बघायची. पांढरा फिल्टर. तिला किती बरं वाटायचं! आई बदलते आहे, वेळच्या वेळी, आपल्या घरी तरी काटेकोर चाललंय. डोंबिवलीत पांढरा फिल्टर पाहून ती खूश होत होती, ती, जिने आयुष्यात दुसरं काही केलं नाही. भिंतीला टेकून उभी असताना हेमांगीला हे इतकं स्वच्छ दिसलं की तिला खाली बसावंसं वाटलं, पण पलंगावर गादी नव्हती. भाऊ म्हणायचे, तुझ्या डब्याने फरक पडतो हं. कशाने पडत होता फरक? पंख्याच्या वाऱ्याने पडला असेल. किंवा लेकीचं मन राखायला ते म्हणत असतील. आता विचारायला कोण आहे? तिला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि लाज कुणापुढे वाटतेय हे कळेना.

तिने रवींद्रला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मागे करवतीचा आवाज चालू होता, तो बंद झाला.

“मोजलंस?”

“मोजलं. मेलाय फिल्टर. सगळ्यांचेच मेले असणार.”

“आयला,” तो म्हणाला. “मग आज सांगायचं.”

“आज? रवी, दिवाळी तोंडावर आलीय. लोक फटाके लावणार, या दिवसात तर... आपण नवे फिल्टर तयार करू, मग सांगू ना. नाहीतर म्हणू की नवीन मॉडेल आलंय, जुने परत द्या.”

“ते तसलं तिकडे करायचे, वागळेला. आपण तिथून निघालेलो ना?”

आपणच हे सुचवलं याचं तिला नवल वाटत होतं. इतकं सहज, जणू जिभेवर तयारच होतं.

“फटाके लावणार म्हणूनच आज,” रवींद्र म्हणाला. “लोक खोलीत डबा लावून निवांत झोपणार, म्हातारी माणसं, पोरं. मी संध्याकाळी ग्रुपवर टाकतो. साध्या भाषेत. धुतलेला फिल्टर चालत नाही, आमच्याकडून सांगायचं राहिलं, बदलून देतो. कसे देणार ते बघू, शेड गहाण टाकू नाहीतर काय. पण हेमांगी, त्याआधी काकूंना तू सांग. त्यांनी शिकवलंय सगळ्यांना. ते त्यांना ग्रुपवर वाचायला लागलं तर बरं दिसणार नाही.”

“हो.”

“आणि भाऊंचा...” तो थांबला. “भाऊंचापण त्याच धूत होत्या का गं?”

“हो,” ती म्हणाली. करवत पुन्हा सुरू झाली नाही. तिने फोन ठेवला.

दुपार झाली तरी ती आईला काही सांगू शकली नाही. ती डबे पुसत होती, आई फळ्यांवर नवे कागद घालत होती. आईचे हात तिला दिसत होते, पाण्याने सुरकुतलेले, नखं कापून साफ. या हातांनी दर शनिवारी डब्याचे फिल्टर काढले, न्हाणीघरात पाट टाकून बसून ते धुतले, गुडघे दुखत असताना ते गच्चीवर नेऊन वाळवले, आणि रात्रीच्या आत परत लावले, कारण भाऊंना रात्री त्रास व्हायचा. दुसरं काय होतं आईच्या हातात? औषधं डॉक्टरांची, वाफारा मशीनचा, ऑक्सिजन भाड्याचा. हे एक तिचं स्वतःचं. भाऊंच्या दिवसांत लोक भेटायला आले तेव्हा आई प्रत्येकाला हेच सांगत होती, शेवटपर्यंत हवा मात्र मी त्यांना स्वच्छ दिली हो. हेमांगी शेजारी बसून मान हलवत होती. बायका डोळे पुसत होत्या. ते वाक्य आईपाशी असेपर्यंत आई ठीक होती, ती जेवत होती, झोपत होती, फळ्यांना कागद घालत होती. हे वाक्य काढून घ्यायचं आणि तिथे काय ठेवायचं? वस्तूबद्दल जे कळेल ते. त्याच दिवशी. भाषणाला बसलेल्या लोकांपैकी कुणालाच आई नसावी तशा टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनी.

न सांगता भागलं असतं का, याचाही तिने नीट विचार केला, हिशेबी माणसासारखा. आईला मोबाइलवर मराठी वाचता येत होतं पण चष्मा सापडत नसे. पण जागृती धावत आली असती. ‘काकू, हे बघा काय आलंय.’ नाही म्हटलं तरी आठ घरांतून आठ जणी आल्या असत्या. आणि खोटं बोलून बायकांना थोपवलं असतं तर जागृतीचं पोर, जेमतेम रांगणारं, त्या मेलेल्या डब्यासमोर झोपलं असतं. एका म्हातारीच्या समाधानासाठी. हे काही तत्त्वाचं नव्हतं, अगदी साधं होतं, तरी तिला ते उचलवेना.

चार वाजता आईने चहा टाकला. दोघी ओट्याशी उभ्या राहूनच प्यायल्या, कारण खुर्च्यांवर डबे होते.

“आई, फिल्टर धुवायचा नसतो.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते. धुतला की त्यातलं जे काम करणारं असतं ते जातं. मग तो नुसता फडका.”

“काहीतरीच. अगं किती काळं पाणी निघतं! एवढी घाण अडवतो म्हणून तर निघते.”

“पहिल्यांदा निघते ती अडवलेली. त्यानंतर तो बारीक धूळ अडवत नाही. मी मोजलं सकाळी. धुतलेला लावून मोजलं आणि नवा लावून मोजलं.” तिने कंगव्याचं सांगितलं, कागदाच्या कपट्यांचं. शाळेतल्या मुलांना सांगते तसंच, आणि सांगताना स्वतःचा आवाज तिला परका वाटला. “तुझी चूक नाही, आई. आम्ही लिहायला हवं होतं. आम्हाला सुचलंच नाही.”

आईने कप ओट्यावर ठेवला. कपाच्या कानाला धरून तो थोडा फिरवला.

“म्हणजे जागृतीचा, त्या वरच्यांचा... सगळ्यांचे फुकट?”

“हो. रवींद्र संध्याकाळी सगळ्यांना कळवणार आहे. बदलून देऊ आम्ही.”

“मग यांचा?”

हेमांगीला ठाऊक होतं हा प्रश्न येणार. दुपारभर ती त्याच्याच उत्तराशी घुटमळत होती, आणि तरी जे तोंडून बाहेर पडलं ते तिने योजलेलं नव्हतं.

“भाऊंचा मी बदलत होते ना. रविवारी यायचे तेव्हा. पिशवीत नवे घेऊन यायचे आणि तू स्वयंपाकघरात असलीस की लावायचे. त्यांचं काही नुकसान झालं नाही.”

आई तिच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. लहानपणी हेमांगी पेपर कसा गेला ते सांगायची तेव्हा बघायची तशी.

“नाही, हेमा,” ती म्हणाली. “शनिवारी मी धुवायचे आणि पुढच्या शनिवारी तेच काढायचे. हातात घेतला की मला कळायचं तो. पोळपाट बदलला तर कळणार नाही होय बाईला?” मग जरा थांबून, “माझ्याशी कशाला खोटं बोलतेस? लोकांशी बोलत नाहीस म्हणून एवढा धंदा काढलास ना?”

बाहेर कुणाचातरी कुकर शिट्ट्या देत होता आणि आई, सवयीने, त्या मोजत असावी असं वाटलं.

“नवा लावला असता तर?” आईने विचारलं.

“माहीत नाही.”

“खरं सांग.”

“खरंच माहीत नाही, आई. बरे झाले नसते. ते दुखणं बरं होणारं नव्हतं. रात्रीचा त्रास कदाचित थोडा कमी झाला असता. कदाचित.”

आईने मान हलवली, एकदा, भाव पटला नाही तरी घ्यायचं ठरवलं की हलवते तशी. पदराने नाक पुसलं. दोन्ही कप विसळले, पालथे घातले. हेमांगी तिला धरायला पुढे झाली तर आईने तिचा हात नुसता थोपटला आणि बाजूला केला. मग ती भाऊंच्या खोलीत गेली. हेमांगीला वाटलं आता दार लागेल. दार लागलं नाही. आत आई डब्यासमोर उभी होती, नव्या फिल्टरवरून हात फिरवत. डबा चालू होता, तिच्या कपाळावरचे पांढरे केस हलत होते. तिने तो बंद केला नाही.

“माळ्यावरचे सगळे खाली काढ,” ती बाहेर येत म्हणाली. “आधी जागृतीकडे दे. पोर लहान आहे तिचं. मग वरच्या आजोबांना. आणि त्या रवींद्रला सांग, ग्रुपवर टाकायच्या आधी थोडा दम धर म्हणावं. माझ्या बायकांना मी सांगते.”

“मी सांगते ना, आई. तुला कशाला...”

“तुझ्या कागदावर विश्वास ठेवून थोड्याच धुतलेत त्यांनी? माझं ऐकून धुतलेत. लाव फोन. माझा चष्मा कुठंय काय माहीत.”

हेमांगीने जागृतीचा नंबर लावून फोन तिच्या कानाशी दिला. आई खुर्चीवरचे डबे सरकवून तिथेच कडेला टेकली, पाठ ताठ.

“जागृती, मी नीलाकाकू. अगं, ते फिल्टर दोरीवरून काढलेस का? लावू नकोस ते. धुवायचे नसतात, मी चुकीचं सांगितलं होतं तुम्हाला... नाही, धुतले की वाया जातात. हेमाने मोजून बघितलं... कुणाचं खापर कुणावर, मीच सांगितलं होतं. नवे देते ती, आत्ताच घेऊन जा, बाळ झोपायच्या आत लाव.” पलीकडून जागृती काहीतरी विचारत होती. आई ऐकत राहिली. तिचा मोकळा हात मांडीवर होता, बोटं पाण्याने अजून सुरकुतलेली.

“हो,” ती म्हणाली. “यांचाही मी धुतच होते.”

मग तिने फोन हेमांगीसमोर धरला.

“पुढचा लाव.”